दिवसाची सहल, रात्रीची बैठक

आयर्लंडला जाऊन आलो असे सांगितले, की आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात. तो देश खरोखरच इतका हिरवा आहे काय, आणि तिथल्या पबमध्ये तुम्ही गेला होता काय? पहिल्याचे उत्तर सोपे आहे. पाऊस पाठच सोडत नाही; हिरवे न राहून करते काय! दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र जरा लांबते. प्रस्तुत लेखाचा खटाटोप त्यासाठीच.

आम्ही कॉलेजातले चार जुने मित्र. त्यांपैकी एक नोकरीनिमित्त डब्लिनला असतो. त्याच्या आग्रहावरून कोचच्या पाच दिवसांच्या सहलीत आम्ही नावे घातली. या सहलीत बसचा चालक हाच मार्गदर्शक असतो. एकीकडे अरुंद रस्त्यावरून गाडी हाकायची आणि दुसरीकडे राजेरजवाडे, दुष्काळ, मेंढ्या अशा सर्व विषयांवर बोलायचे, ही कसरत तो दिवसभर करतो. ठिकाण आले की "चाळीस मिनिटे" एवढेच बजावतो, आणि एकेचाळिसाव्या मिनिटाला इंजिन सुरू करतो.

डब्लिनच्या जनरल पोस्ट ऑफिससमोरून गाडी निघाली तेव्हा त्याने १९१६ च्या एप्रिलमधल्या ईस्टरच्या उठावाची हकीगत सांगितली. त्याच एप्रिल महिन्यात लोकमान्यांनी बेळगावला होमरूल लीग स्थापन केली आणि 'होमरूल' हा शब्द मुळात आयरिश चळवळीचाच, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आम्ही ते त्याला ऐकवले. त्याने पुढच्या थांब्यावर ते सगळ्या गाडीला ऐकवले!

मोहरचे कडे पाहिले. सर्वांत उंच जागी ते समुद्रापासून २१४ मीटर आहेत आणि वर १८३५ साली बांधलेला एक मनोरा आहे. वाऱ्यापुढे छत्रीचा टिकाव लागत नाही. कड्यांची वर्णने पुष्कळांनी केली आहेत, त्यात मी भर घालत नाही. माझ्या लक्षात राहिली ती वाटेवर दिसणारी छप्पर नसलेली दगडी घरे. अशी घरे कुणी का सोडली असतील, याचे मोठे उत्तर शिरगणतीत सापडते. १८४१ साली या बेटाची लोकसंख्या ८१ लाखांवर होती. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला, सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि साथींनी मेली आणि त्याहून अधिक परदेशी गेली. त्यानंतरही देश सोडून जाण्याचा ओघ आटला नाही. आज उत्तर आणि दक्षिण मिळून बेटावर सत्तर लाखांच्या आसपास वस्ती आहे. म्हणजे पावणेदोनशे वर्षांत जुना आकडा अजून गाठलेला नाही.

आता रात्रीकडे वळू. कड्यांजवळ डूलिन नावाचे लहानसे गाव आहे. तिथे आमचा मुक्काम होता. जेवणानंतर सगळी मंडळी पबकडे निघाली. आमच्यातला एक माळकरी. तो दारातच अडला. तेव्हा डब्लिनकर मित्राने त्याला माहिती पुरवली, की याच देशात १८९८ पासून 'पायोनियर' नावाची मद्यत्यागाची संघटना आहे. तिचे सभासद कोटावर बिल्ला लावतात आणि तरीही खुशाल पबमध्ये येऊन बसतात. म्हणजे त्यांचीही माळच म्हणायची! माळकरी आत आला आणि त्याने लेमोनेड मागवले. कुणी भुवईसुद्धा उंचावली नाही.

पबमध्ये पैसे देण्याची रीत समजून घेतली पाहिजे. तिथे ज्याचे त्याने द्यायचे नसते. एकाने सर्वांसाठी मागवायचे, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. याला राउंड म्हणतात. आपली पाळी चुकवणाऱ्याला तोंडावर कुणी काही बोलत नाही, पण त्याची नोंद मात्र होते. चहाच्या टपरीवर आपल्यात तरी दुसरे काय चालते?

कोपऱ्यातल्या टेबलाभोवती पाच-सहा वादक जमले होते. व्यासपीठ नाही, ध्वनिक्षेपक नाही. फिडल, बासरी, टिनची शिट्टी आणि बोध्रान नावाचे डफासारखे चामड्याचे वाद्य. यालाच सेशन म्हणतात. मी त्याला बैठक म्हणेन. जिग नावाच्या चालीत तीन-तीनचे दोन भाग असतात, आपल्या दादऱ्यासारखे. रील ऐकताना केरव्याची आठवण होते. दोन-तीन चाली एकमेकींना जोडून, प्रत्येक दोन-तीनदा वाजवून थांबायचे, गप्पा मारायच्या, पुन्हा सुरू.

हे सारे शेकडो वर्षांचे असावे, असा आमचा समज. पण गाणी-चाली जुन्या असल्या तरी पबमधली ही बैठक बरीच अलीकडची आहे. पूर्वी हे संगीत स्वयंपाकघरात आणि चव्हाट्यावर, नाचासाठी वाजे. १९३५ च्या कायद्याने सार्वजनिक नाचाला परवाना आवश्यक केला; पाद्रीबाबांचाही घरगुती नाचांवर रोष होताच. १९५० ते ६० च्या दशकात सुमारे चार लाख माणसांनी देश सोडला. त्यांतले पुष्कळ लंडनला बांधकामावर गेले. भाड्याच्या खोलीत वाजवायला जागा नाही, म्हणून कॅम्डन टाउनसारख्या वस्तीतल्या पबमध्ये ते जमू लागले. तिथली ही रीत साठच्या दशकात मायदेशी रुजली. पर्यटक जिला प्राचीन परंपरा समजून टाळ्या वाजवतो, ती वस्तुतः घर सुटलेल्या मजुरांची सोय होती. हे कळल्यावर मला ती कमी अस्सल वाटली नाही, उलट अधिकच जवळची वाटली.

मध्येच एका म्हाताऱ्या बाईंनी साथीशिवाय एक संथ गाणे सुरू केले. आमचा एक मित्र उत्साहाने ठेका धरू लागला, तेव्हा शेजारच्याने हलकेच त्याच्या मनगटावर हात ठेवला. अशा गाण्याच्या वेळी ग्लाससुद्धा वाजू द्यायचा नसतो. गाणे संपले आणि बाईंनी आमच्याकडे बोट केले. गाणाऱ्याने पुढच्याला निवडायचे, अशी रीत आहे.

आम्ही एकमेकांकडे पाहिले. मराठी घेऊन बी. ए. झालेली माणसे आम्ही. पण पहिल्या कडव्यापुढे एकही गाणे कुणाला येईना! शेवटी माळकऱ्याने घसा साफ केला. इथे अभंग म्हणणार नाही, असे तो आम्हांला हळूच म्हणाला आणि आजीच्या जात्यावरच्या ओव्या गाऊ लागला. चार-पाच झाल्या असतील. कुणी हलले नाही. नंतर फिडलवाल्याने "हे कोणत्या कामाचे गाणे?" एवढेच विचारले. शब्द कळले नव्हते, पण काम कळले होते.

दुसऱ्या दिवशी केरीचा फेरा होता. तो १७९ किलोमीटरांचा रस्ता इतका अरुंद आहे, की समोरासमोर अडकू नये म्हणून सगळे कोच घड्याळाच्या उलट दिशेने जातात. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला समुद्र, आणि चालकाचे बोलणे अखंड चालू. आम्ही तिघे मात्र मागच्या बाकावर माळकऱ्याला मध्ये बसवून वहीत ओव्या उतरवून घेत होतो. सातवी त्यालाही नीट आठवत नव्हती. संध्याकाळी त्याने गावी आईला फोन लावला.