अंगावरून वारे गेले, की पोटॅशियम घटले?

रेणुकादेवीच्या मंदिरामुळे परिचित असलेले राणीसावरगाव परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यात आहे. अशा एखाद्या गावी आदल्या दिवशी शेतात राबलेला तरुण पहाटे उठू पाहतो, तो पायच उचलत नाहीत. शुद्ध असते, वाचा स्पष्ट असते. अंगात त्राण मात्र नसते. ‘अंगावरून वारे गेले’ असे समजून घरची मंडळी मालिश आणि अंगारा यांकडे वळतात. वस्तुतः रक्तातील पोटॅशियम या क्षाराची घट हेही या लुळेपणाचे कारण असू शकते.

शरीरातील सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. रक्तातील प्रमाण सामान्यतः लिटरमागे ३.५ ते ५ मिलिमोल एवढेच असते. आतील व बाहेरील प्रमाणाच्या या फरकावर स्नायूंचे कार्य चालते. रक्तातील प्रमाण २.५ च्या खाली गेल्यास स्नायू लुळे पडू शकतात, हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि क्वचित श्वसनही मंदावते.

जुलाब, उलट्या, लघवी वाढविणारी औषधे व मूत्रपिंडाचे काही विकार ही घटीची प्रमुख कारणे होत. थायरॉइडच्या विकारात किंवा आनुवंशिक दोषामुळे भरपूर गोडाधोडाचे जेवण अथवा श्रमांनंतरची विश्रांती यांच्या पाठोपाठ पोटॅशियम रक्तातून एकाएकी पेशींत शिरते आणि असा झटका येतो.

पक्षाघातात बहुधा शरीराची एकच बाजू लुळी पडते, तोंड वाकडे होते, बोलणे अडखळते. पोटॅशियमच्या घटीत बहुधा दोन्ही पाय आधी दुर्बल होतात. तथापि याला अपवाद असतात. म्हणून घरी निदान करीत बसू नये. मेंदूतील गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. तेव्हा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि लक्षणे केव्हा सुरू झाली ती वेळ व चालू औषधे डॉक्टरांना सांगावीत. रक्ततपासणी आणि हृदयाचा विद्युत् आलेख यांवरून पोटॅशियमची घट कळते. योग्य उपचारांनी बहुतेक रुग्ण काही तासांत वा दिवसांत चालू लागतात.

केळी, शहाळ्याचे पाणी व डाळी यांत पोटॅशियम विपुल असते; परंतु झटका आल्यावर हा त्यावरील उपचार नव्हे. मूत्रपिंडाच्या रुग्णास तर त्याचा अतिरेक घातक ठरतो. जुलाब होताच जलसंजीवनी द्यावी. तिच्यात पोटॅशियमही असते.

शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी एवढे गावात सांगितले, तरी मालिश करण्यात वाया जाणारा मोलाचा वेळ वाचेल.