बारदानासह वजन

आमच्या थोरल्या बंधूंचे बीडच्या मोंढ्यात भुसार मालाचे दुकान आहे. तेथे पोत्याचे वजन कोणी सांगितले, की ते बारदानासह की बारदान वजा जाता, हे विचारल्याशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही. मी स्वतः बँकेतील नोकरीत तारण मालाची गोदामे तपासत आयुष्य घालविले. अशा घरातल्या मुलाने 2024 च्या दिवाळीत नेमके बारदानच विसरावे, याला योगायोग म्हणवत नाही.

हकीकत अशी. माझा मुलगा बंगळूरुला असतो. त्याच्या घरी बर्फी नावाची पग जातीची कुत्री आहे. दिवाळीला विमानाने पुण्यास यायचे आणि तेथून मोटारीने बीड गाठायचे, असा बेत होता. प्रवाशांच्या कक्षात प्राणी न्यायचा तर त्याचे वजन 10 किलोंच्या आत हवे, हे मुलाने वाचले होते. घरच्या काट्यावर बर्फी 9 किलो 300 ग्रॅम भरली, म्हणून सारे निश्चिंत होते. विमानतळावर तिला वाहकपेटीसह काट्यावर ठेवले, तेव्हा आकडा 10 किलो 900 ग्रॅम आला. नियमात ‘पेटीसह’ हा शब्द होता. आमच्या चिरंजीवांनी तो ओलांडून पुढची ओळ वाचली होती. मालकक्षातून न्यावी म्हटले, तर आखूड नाकाच्या जाती त्या कंपनीला तेथे चालत नव्हत्या. सणाच्या गर्दीत बर्फीला सांभाळणारे कोणी सापडेना. अखेर सूनबाई आणि नात पुढे आल्या, मुलगा बर्फीला घेऊन घरी परतला.

आमच्या दुकानी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या वहीवर पहिला ‘श्री’ पुढच्या पिढीतील थोरल्या मुलाने लिहायचा, हा वडिलांनी घालून दिलेला रिवाज. बंधूंना मुलगा नाही. तो ‘श्री’ गेली अनेक वर्षे माझाच मुलगा लिहीत आला होता. त्या संध्याकाळी बंधूंनी स्वतःच लेखणी उचलली. ते काही बोलले नाहीत. मोबाइलच्या पडद्यावर मुलगा दिसत होता आणि त्याच्या मांडीवर बर्फी. नातीने पडद्यातूनच तिला हाक मारली, तेव्हा माझ्या पत्नीने तोंड फिरवले.

पुढचे काही आठवडे मी हे नियम एखाद्या परिपत्रकासारखे वाचून काढले. आपल्याकडे इंडिगो पाळीव प्राणी घेत नाही, अपवाद फक्त दिव्यांग प्रवाशाच्या प्रशिक्षित कुत्र्याचा. एअर इंडियात प्राणी नेण्याची प्रथा जुनी आहे. अकासा एअरने 1 नोव्हेंबर 2022 पासून प्राण्यांना प्रवेश दिला, तेव्हा प्रवासी कक्षासाठी मर्यादा पेटीसह 7 किलोंची होती. पुढे ती वाढली. हे आकडे बदलत राहतात, म्हणून तिकीट काढतानाच ताजा नियम पाहावा. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की एका विमानात अशा प्राण्यांना अगदी मोजक्या जागा असतात. माणसाची जागा सणाच्या तोंडावर चढ्या भावाने का होईना मिळते. प्राण्याची जागा एकदा भरली की भरलीच. त्यामुळे आधी प्राण्याची जागा निश्चित करून मग माणसांची तिकिटे काढावीत. आपण सगळे याच्या उलट करतो.

पैशाने जागा मिळत नाही, असे मात्र नाही. सप्टेंबर 2021 मध्ये मुंबईहून चेन्नईला जाणाऱ्या एअर इंडियाच्या विमानात एका प्रवाशाने आपल्या माल्टीज कुत्र्यासाठी बिझनेस वर्गाचा सारा कक्षच आरक्षित केला होता. खर्च अडीच लाखांच्या घरात गेल्याचे वर्तमानपत्रांत आले. बंधूंना ही बातमी ऐकवली, तर त्यांनी दोन तासांच्या प्रवासाचा प्रतिमिनिट दर तोंडी काढून दाखविला.

आखूड नाकाच्या नियमाचा मला आधी राग आला होता. मग कारण समजले. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. तो धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतो. पग, बुलडॉग यांच्या नाकाचा मार्गच अरुंद, त्यामुळे उकाड्यात आणि भीतीत ते पटकन गुदमरतात. विमानाच्या पोटातील मालकक्षात हवेचा दाब राखलेला असतो. धोका अधिक असतो तो उड्डाणाच्या आधी आणि नंतर, पेटी उघड्या पटांगणात गाडीवर थांबलेली असते तेव्हा. आणि सुट्टीच्या दिवसांत विमाने हमखास खोळंबतात. अमेरिकेच्या परिवहन खात्याने 2010 साली पाच वर्षांची नोंद जाहीर केली. विमानप्रवासात दगावलेल्या 122 कुत्र्यांपैकी सुमारे निम्मी आखूड नाकाच्या जातींची होती. त्यांत 11 पग होते. झोपेचे औषध देऊन न्यावे, असे मला एकाने सुचविले होते. पशुवैद्य याला सहसा नकार देतात, कारण त्या औषधाने श्वास आणि रक्तदाब दोन्ही मंदावतात आणि पेटीत डोकावायला कोणी नसते. हे वाचल्यावर मला त्या खिडकीवरच्या कर्मचाऱ्याचे मनोमन आभार मानावेसे वाटले.

कुत्र्यापायी एवढा खटाटोप कशाला, असे आपल्यातल्या काही वडीलधाऱ्यांना वाटेल. माझ्या आईलाही वाटले असते. उंबऱ्याबाहेर भाकरी द्यावी, घरात घेऊ नये, एवढीच तिची रीत होती. पण मुंबईचे पांजरपोळ कशातून उभे राहिले, हे आठवावे. 1832 साली इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा मुंबईत दंगल उसळली. दोन वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि आपले मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने पांजरपोळ स्थापन झाले. म्हणजे त्या कामाचा आरंभ गाईपासून नव्हे, कुत्र्यांपासून झाला.

ज्यांची मुले परदेशी आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. भारतात लस टोचलेले कुत्रे अमेरिकेला न्यायचे, तर 1 ऑगस्ट 2024 पासून नियम कडक आहेत: वय किमान सहा महिने, अंगात मायक्रोचिप, रेबीजची लस आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेची रक्तचाचणी, चाचणी नसेल तर 28 दिवस विलगीकरण. ब्रिटनमध्ये विमानाने प्राणी केवळ माल म्हणूनच उतरतो. परदेशातून इकडे आणायचे, तर प्राणी संगरोध केंद्राचे ना हरकत पत्र आधी हाती हवे. डिसेंबरच्या सुट्टीसाठी या कागदपत्रांना नोव्हेंबरात हात घालणाऱ्याला मी कर्जाची मुदत संपल्यावर अर्ज घेऊन येणाऱ्या खातेदाराच्या रांगेत बसवीन.

2025 च्या दिवाळीचा विषय आमच्याकडे श्रावणातच निघाला. रेल्वेचा विचार झाला. पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे घेतला तर कुत्रा सोबत नेता येतो, नाहीतर गार्डाच्या डब्यातील पेटीत. पण कूपे मिळाला की नाही, हे तक्ता तयार होईपर्यंत कळत नाही, आणि सणासुदीला तो जुगार नको वाटला. 17 सप्टेंबरला अहिल्यानगरहून बीडला गाडी सुरू झाली, तेव्हा इतक्या वर्षांच्या प्रतीक्षेनंतर गावाला झालेला आनंद मोठा होता. बंगळूरुच्या बर्फीला मात्र तिचा उपयोग नव्हता. शेवटी मुलाने दोन दिवसांची जादा रजा काढली आणि सुमारे 800 किलोमीटर मोटारीने यायचे ठरविले. होसपेटला मुक्काम, पहाटे निघून विजयपूर, सोलापूर, तुळजापूर. दर दोन तासांनी थांबून बर्फीला पाणी आणि चार पावले फिरणे. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी गाडी दारात उभी राहिली.

लक्ष्मीपूजनाला मुलाने ‘श्री’ लिहिला. बाहेर फटाके सुरू होताच बर्फी गादीच्या मागे तक्क्याला चिकटून बसली, ती आरती संपेपर्यंत हलली नाही. बंधूंनी नेहमीच्या आवाजात दुकानाचे एक दार ओढून घ्यायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी मोंढा बंद होता. बंधूंनी बर्फीला पेटीसकट दुकानातल्या मोठ्या काट्यावर ठेवविले. आकडा 11 किलो 200 ग्रॅमवर स्थिरावला. त्यांनी चष्मा कपाळावर चढविला आणि मुलाकडे पाहिले.

“आणि बारदान किती?”