विल्बरी घराणे : पाच मोठ्या नावांचे एक टोपणनाव

टोपणनाव ही आपल्या साहित्यातली जुनी वहिवाट. गुजरातेत नवसारीला जन्मलेल्या राम गणेश गडकऱ्यांनी नाटके स्वतःच्या नावाने लिहिली, कविता ‘गोविंदाग्रज’ होऊन आणि विनोद ‘बाळकराम’ होऊन. हात एकच, पण नाव बदलले की वाचकाची अपेक्षा बदलते आणि लिहिणाराही थोडा सैल होतो. हाच मार्ग १९८८ साली पाच नामांकित रॉक संगीतकारांनी धरला. त्यांच्या मंडळीचे नाव ‘ट्रॅव्हलिंग विल्बरीज’. आपला मूळ व्याप बाजूला ठेवून प्रतिष्ठित कलावंत जो जोडीचा उद्योग करतात, त्याचे हे उत्तम उदाहरण आहे.

आधी माणसे पाहू. जॉर्ज हॅरिसन हा बीटल्समधला, पंडित रविशंकरांकडे सतार शिकलेला. जेफ लिन हा ‘इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा’चा सूत्रधार आणि ध्वनिमुद्रणाचा जाणकार. टॉम पेटी वयाने सर्वांत लहान. बॉब डिलनची कीर्ती सांगायला नको. मात्र त्या सुमाराच्या त्याच्या तबकड्यांचे समीक्षकांनी फारसे स्वागत केले नव्हते. पाचवा रॉय ऑर्बिसन, वयाने वडील. १९६० ते १९६४ या काळात त्याचा आवाज घरोघरी पोचला होता. पुढे १९६६ मध्ये पत्नी अपघातात गेली, १९६८ मध्ये घराला लागलेल्या आगीत दोन मुलगे गेले, आणि श्रोतेही हळूहळू दुरावले.

गटाचा जन्म ठरवून झाला नाही. हॅरिसनच्या एका गाण्याची छोटी तबकडी युरोपात निघायची होती आणि तिच्या मागच्या बाजूला एक जादा गाणे हवे होते. तेव्हा तो लॉस एंजेलिसमध्ये होता. लिन तिथेच ऑर्बिसनच्या तबकडीचे काम करत होता. ध्वनिमुद्रणाला जागा हवी म्हणून डिलनच्या मालिबू येथील घरच्या स्टुडिओची सोय झाली. हॅरिसनची गिटार पेटीकडे राहिली होती. ती आणायला गेल्यावर पेटीही बरोबर आला. गॅरेजमध्ये पडलेल्या एका खोक्यावर ‘काळजीपूर्वक हाताळा’ अशा अर्थाची इंग्रजी चिठ्ठी होती. तिच्यावरूनच ‘हँडल विथ केअर’ हे गाणे रचले गेले. कंपनीच्या लोकांनी ते ऐकले आणि मागच्या बाजूवर वाया घालवण्यासारखे हे गाणे नाही, असे त्यांचे मत पडले. एका गाण्याची अशी अख्खी तबकडी झाली.

वेळ थोडा होता, कारण जूनमध्ये डिलनचा दौरा सुरू होणार होता. मे महिन्यात सुमारे दहा दिवस ही मंडळी एका मित्राच्या घरी जमली. स्वयंपाकघरात गिटारी घेऊन गोल बसायचे, चाल धरायची, शब्द जुळवायचे. बाकीचे सोपस्कार नंतर इंग्लंडमध्ये हॅरिसनच्या घरी पुरे झाले. तबकडीवर मात्र पाचांपैकी एकाचेही खरे नाव नव्हते. नेल्सन, ओटिस, लकी, लेफ्टी आणि चार्ली हे एकाच बापाचे सावत्र भाऊ, असा बनाव रचला होता. ‘विल्बरी’ हा शब्दही हॅरिसन आणि लिन यांच्या थट्टेतला. ध्वनिमुद्रणात राहिलेल्या बारीक चुकांना ते हसत हसत असे म्हणत.

या बनावाने काय साधले? आपल्याकडच्या जुगलबंदीत दोन्ही कलावंत आपापली ओळख राखून समोरासमोर बसतात. इथली रीत भजनी मंडळाला जवळची आहे : एकाने ओळ उचलावी, दुसऱ्याने ती पुढे न्यावी, बाकीच्यांनी साथ करावी. ‘हँडल विथ केअर’मध्ये कडवी हॅरिसन म्हणतो, मधला उंच, आर्त भाग ऑर्बिसनकडे जातो, डिलन आणि पेटी मिळून पुढची ओळ घेतात आणि शेवटी डिलनचा माउथऑर्गन येतो. जो भाग ज्याच्या गळ्याला शोभेल तो त्याचा. बाकीच्या गाण्यांत कुठे पन्नाशीच्या दशकातला रॉकबिली, कुठे कॅरिबियन झाक, कुठे डिलनच्या धर्तीचे लांबलचक कथागीत. एवढी सरमिसळ एखाद्याने स्वतःच्या नावावर केली असती, तर ‘हा भरकटला’ असे म्हणायला टीकाकार मोकळे होते. विल्बरी घराण्याला कसलीही जुनी परंपरा सांभाळायची नव्हती. गाण्यांचे श्रेयही तबकडीवर सगळ्या घराण्याच्या नावाने छापले गेले.

ऑक्टोबर १९८८ मध्ये तबकडी आली आणि गाजली. पुढे तिला ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. विसरल्या गेलेल्या ऑर्बिसनला श्रोते पुन्हा भेटले. पण ६ डिसेंबर १९८८ रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्याला मृत्यूने गाठले. त्यानंतर चित्रित झालेल्या ‘एंड ऑफ द लाइन’ या गाण्यात त्याचा आवाज येतो तेव्हा पडद्यावर एक झुलती खुर्ची आणि तिच्यात ठेवलेली गिटार दिसते. त्याच्या जागी दुसरा कोणी घेतला नाही.

उरलेल्या चौघांनी १९९० मध्ये दुसरी तबकडी काढली आणि थट्टेने तिला ‘खंड ३’ म्हटले. ती पहिलीइतकी रंगली नाही. ऑर्बिसनचा आवाज नव्हता हे एक कारण उघड आहे. दुसरे असे, की पहिल्या वेळी विल्बरी कोण हे कोणालाच माहीत नव्हते; दुसऱ्या वेळी लोक विल्बरींची वाट पाहत होते. टोपणनावही प्रसिद्ध झाले की तेही नावच होते आणि नावाबरोबर अपेक्षा येतात. या गटाने कधी दौरा काढला नाही, हे त्या दृष्टीने शहाणपणाचेच वाटते.

नाव मिळवायला कलावंताला अर्धे आयुष्य लागते, आणि मिळाल्यावर त्याच नावाचा पहारा त्याच्यावर बसतो. तो पहारा थोडा वेळ उठावा म्हणून ही माणसे दहा दिवस एका स्वयंपाकघरात जाऊन बसली. ऑर्बिसनच्या वाट्याला यापुढे फार दिवस नव्हते; पण त्या दहा दिवसांत तो एकटा गायला नाही.