निवासी गृहात काम करायचं आहे? आधी हे टप्पे समजून घ्या

अहिल्यानगर जिल्ह्यात शिंगवे नाईक इथे ‘माउली सेवा प्रतिष्ठान’ आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या, मानसिक आजार असलेल्या बेवारस स्त्रियांना ही संस्था आसरा देते. डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे या दांपत्याने रस्त्यावरच्या निराधारांना जेवण नेऊन द्यायला सुरुवात केली आणि त्यातून हे घर उभं राहिलं. अशा निवासी गृहात काम करायची आपली इच्छा असेल, तर तिथलं काम कसं चालतं ते क्रमाने पाहू.

पहिला टप्पा पोलीस ठाण्याचा. भटकणारी आजारी व्यक्ती दिसली की पोलिसांनी तिला संरक्षणात घ्यावं, २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यावं आणि ती बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून तिचं कुटुंब शोधावं, असं मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ सांगतो. दया येऊन कुणी बाईला थेट गाडीत बसवून आणतं, तेव्हा ही नोंद राहून जाते. पुढे माहेर-सासर शोधताना हातात काहीच नसतं.

दुसरा टप्पा अंघोळीचा. केसांच्या जटा झालेल्या असतात, उवा असतात, कधी जखमेत अळ्याही असतात. अशा वेळी घाई करू नये. काय करणार आहोत ते आधी सांगावं आणि तिला पाण्यात हात घालून पाहू द्यावं. सरसकट मुंडण करणं सोपं वाटतं, पण सक्तीने मुंडण न होणं हा तिचा कायदेशीर हक्क आहे.

तिसरा टप्पा जेवणाचा, आणि इथेच मायेपोटी चूक होते. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम पोटभर जेवण दिलं, तर रक्तातले क्षार झपाट्याने घटून हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून डॉक्टर सांगतील तसं, थोडं थोडं वाढवत न्यावं.

चौथा टप्पा औषधांचा. स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल, तर भास होतात आणि खऱ्या-खोट्याची सरमिसळ होते. त्यावरच्या गोळ्यांचा पुरता परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. गोळी हातावर ठेवून निघून जाऊ नये, गिळेपर्यंत थांबावं. हात थरथरणं, अंग ताठरणं, फार झोप येणं हे दिसलं तर वहीत लिहावं आणि डॉक्टरांना सांगावं. ‘आता बरी दिसते’ म्हणून आपल्या मनाने गोळ्या कधीच बंद करू नयेत, कारण आजार उलटण्याचं ते नेहमीचं कारण आहे.

पाचवा टप्पा रोजच्या दिवसाचा. उठणं, चहा, अंघोळ, जेवण ठरल्या वेळी झालं की मन सावरायला मदत होते. भाजी निवडणं, कपडे वाळत घालणं यात तिला रस असेल तर सोबत घ्यावं, पण जबरदस्ती नको. कायद्याने सक्तीचं काम करून घेता येत नाही आणि केलेल्या कामाचा मोबदला द्यावा लागतो. ती चिडली तर आवाज चढवू नये. दोन पावलं मागे सरावं, गर्दी हटवावी आणि एकानेच बोलावं. साखळीने जखडून ठेवायला कायद्याने बंदी आहे, आणि बांधून ठेवणंही मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीशिवाय चालत नाही.

सहावा टप्पा पाळी बदलण्याचा. रात्री कोण जागं होतं, कुणी जेवण टाळलं, कुणाची मासिक पाळी सुरू आहे, हे पुढच्या मावशीला तोंडी सांगावं आणि लिहूनही द्यावं. पुष्कळ गोंधळ पाळी बदलताना न सांगितलेल्या गोष्टींमुळे होतो.

शेवटी आपल्याबद्दल. या कामात शिव्या खाव्या लागतात, कधी मार बसतो, आणि महिनोन्‌महिने जपलेली बाई दगावते तेव्हा मन खचतं. साप्ताहिक सुटी आणि मोकळेपणी बोलायला माणूस, हे दोन्ही रुजू होतानाच मागून घ्या. स्वयंसेवक म्हणून येणार असाल, तर पहिल्याच आठवड्यात रोज येऊन नंतर दिसेनासं होऊ नका. आठवड्यातला एकच वार ठरवा आणि तो पाळा. ज्यांना अनेकांनी सोडून दिलं, त्यांना ठरल्या दिवशी परत येणाऱ्या माणसाची सर्वांत जास्त गरज असते.