लहान महाविद्यालयातील पर्यावरणशिक्षण : बंगळुरूच्या तलावांचा धडा

पदवीच्या सर्व शाखांमध्ये पर्यावरण हा विषय अनिवार्य झाला, त्याचे मूळ एका जनहित याचिकेत आहे. एम. सी. मेहता विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी शाळा-महाविद्यालयांतून पर्यावरणाचे शिक्षण देण्याचे निर्देश दिले. अंमलबजावणीस मात्र एक तप लागले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने सहा महिन्यांचा सामाईक अभ्यासक्रम तयार केला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठातील डॉ. एरच भरुचा यांनी लिहिले. या अभ्यासक्रमात ५० तासिका होत्या व त्यांपैकी ५ क्षेत्रीय अभ्यासासाठी होत्या. १०० पैकी २५ गुणही क्षेत्रीय कार्यासाठी राखलेले होते.

लहान महाविद्यालयांची अडचण येथेच सुरू होते. स्वतंत्र प्राध्यापक नाही, सुसज्ज प्रयोगशाळा नाही. अशा वेळी विषय पाठांतरापुरता उरतो आणि क्षेत्रीय अहवाल नकलून सादर होतात. वास्तविक या विषयाची खरी प्रयोगशाळा महाविद्यालयाच्या भिंतींबाहेर असते.

बंगळुरूचे उदाहरण बोलके आहे. या शहराला बारमाही मोठी नदी नाही. म्हणून पूर्वजांनी उताराला अनुसरून तलावांच्या साखळ्या बांधल्या. एका तलावाचे जादा पाणी पुढच्या तलावात जात असे. आज कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून, सुमारे ५०० मीटर उंच चढवून आणले जाते. वापरानंतर त्याचा मोठा भाग सांडपाणी होऊन याच साखळ्यांत उतरतो. सांडपाण्यातील साबणद्रव्यांमुळे बेळ्ळंदूर तलावावर फेसाचे डोंगर उभे राहिले, तर २०१७ व २०१८ मध्ये तलाव परिसरात आगी लागल्या.

अर्थशास्त्रात यास ‘बाह्य खर्च’ म्हणतात. सांडपाणी शुद्ध न करता सोडणाऱ्याचा खर्च वाचतो, पण त्याची किंमत तलावाकाठचे रहिवासी मोजतात. याउलट, २०१८ पासून कोरमंगल-चल्लघट्ट खोऱ्यातील प्रक्रिया केलेले पाणी अवर्षणग्रस्त कोलार जिल्ह्यातील तलावांत सोडले जाऊ लागले. सांडपाणीही संपत्ती ठरू शकते, हे यातून दिसते. मात्र त्याच्या गुणवत्तेवर सातत्याने देखरेख हवी.

या देखरेखीत लहान महाविद्यालये सहभागी होऊ शकतात. पाण्याचे तापमान, सामू व विरघळलेला प्राणवायू यांच्या नोंदी साध्या साधनांनी घेता येतात. एका वर्षाच्या नोंदीस मर्यादित अर्थ असतो, परंतु प्रत्येक तुकडीने त्याच ठिकाणी नोंदी घेत राहिल्यास दहा वर्षांत मौल्यवान माहिती जमा होते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९८३ मध्ये परिसरविज्ञान केंद्र उभारणाऱ्या डॉ. माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातील महाविद्यालयीन शिक्षक-विद्यार्थ्यांना जैवविविधतेच्या अभ्यासात असेच सामावून घेतले होते. जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक समित्यांमार्फत तयार होणाऱ्या लोकजैवविविधता नोंदवह्यांनाही अशा मनुष्यबळाची गरज असते.

नैसर्गिक पर्यावरणाचे रक्षण करणे हे राज्यघटनेच्या कलम ५१-क (छ) नुसार प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. गावच्या ओढ्याची एक प्रामाणिक नोंद हा त्या कर्तव्याचा आरंभ होय. त्यासाठी महाविद्यालय मोठे असावे लागत नाही.