पैसा कामाच्या मागून चालावा

दसऱ्याला घर हातात देतो, असे सांगून गणपती उठल्यावर तोडफोड सुरू होते. पहिले आठ दिवस घरात सहा-सात माणसे राबत असतात. जुन्या फरश्या निघतात, गोण्या भरभरून डेब्रिज खाली जाते, भिंतींना झिऱ्या पडतात. मग माणसे दोनावर येतात. सुतार गावाला गेलेला असतो, फरशीवाला दुसऱ्या साइटवर अडकलेला असतो आणि ठेकेदाराचा फोन लागलाच, तर ‘उद्या माणूस पाठवतो’ यापलीकडे काही ऐकायला मिळत नाही. मुंबई-पुण्यात काय किंवा नाशिक-कोल्हापुरात काय, घराचे नूतनीकरण काढलेल्या कुटुंबांत हे इतक्या वेळा घडते, की चांगला ठेकेदार मिळणे हा नशिबाचा भाग आहे असे लोक मानू लागले आहेत. मला हे मान्य नाही. फसवायचे ठरवूनच काम घेणारी माणसे या धंद्यात आहेत, पण काम अर्ध्यावर टाकणाऱ्या ठेकेदारांपैकी अनेकांनी सुरुवातीला काम पुरे करायचेच ठरवलेले असते. त्यांचा पाय घसरतो तो पैशांच्या क्रमामुळे, आणि तो क्रम ठरवणे मालकाच्या हातात असते.

साधा हिशेब करून पाहू. समजा, फ्लॅटचे काम 8 लाखांना ठरले. सर्रास चालणारी पद्धत अशी, की ठरताक्षणी 40 टक्के, काम सुरू झाले की 30, रंगाच्या वेळी 20 आणि चावी परत देताना 10. म्हणजे तोडफोड आटोपून नळाचे आणि विजेचे पाइप भिंतीत जाईपर्यंत ठेकेदाराच्या हाती 5 लाख 60 हजार आलेले असतात. तोपर्यंतचा त्याचा खर्च, म्हणजे मजुरी, डेब्रिजचा टेम्पो, पाइप, वायर आणि थोडे वाळू-सिमेंट, 2 लाख धरू. नफा वगळून सगळ्या कामाचा खर्च 6 लाख 80 हजार धरला, तर अजून 4 लाख 80 हजारांचे काम बाकी आहे आणि मालकाकडून यायचे आहेत 2 लाख 40 हजार. येथून पुढे तुमच्या घरी लावलेला प्रत्येक माणूस ठेकेदाराला पदरमोड वाटू लागतो. वरचे 3 लाख 60 हजार त्याने जपून ठेवले असते, तर अडचण नव्हती. पण ते मागच्या अडलेल्या साइटवर खर्च झालेले असतात. तुमच्या उचलीतून मागच्या घराची फरशी बसते आणि तुमची फरशी बसवायला पुढच्या घराची उचल लागते. नवे काम मिळायला महिनाभर उशीर झाला, की ही साखळी तुटते आणि तुमच्या घरातली माणसे दोनावर येतात.

हा दोष मोठ्या बांधकामांत कायद्याने फार पूर्वी ओळखला आहे. महाराष्ट्राच्या 1963 च्या फ्लॅट मालकी कायद्याने नोंदणीकृत करारापूर्वी 20 टक्क्यांहून अधिक आगाऊ रक्कम घ्यायला बिल्डरला मनाई केली आणि खरेदीदारांच्या पैशांसाठी वेगळे खाते ठेवायला लावले. तरीही एका इमारतीचा पैसा दुसरीच्या पायात जातच राहिला. म्हणून 2016 च्या रेरा कायद्याने करारापूर्वीची मर्यादा 10 टक्क्यांवर आणली, खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी 70 टक्के प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक केले आणि काम जेवढे पुढे सरकेल त्या प्रमाणातच, तेही इंजिनीअर, आर्किटेक्ट आणि सीए यांच्या दाखल्यावर, ती काढायची मुभा दिली. सरकारी बांधकामांतही ठेकेदाराने केलेले काम मोजून मोजमाप पुस्तकात चढते, त्यावर रनिंग बिल निघते आणि अनामत रकमेचा काही भाग दोषदायित्वाची मुदत संपेपर्यंत सरकार स्वतःकडे ठेवते. बांधकाम चालू असलेल्या घराचे कर्ज बँकही टप्प्याटप्प्यानेच सोडते. बांधकामात पैसा घालणारे अनुभवी लोक तो कामाच्या मागून पाठवतात. राहत्या घराची दुरुस्ती काढणारे कुटुंब मात्र तो पुढे पाठवते. रेरा त्याच्या मदतीला येत नाही, कारण तो कायदा घरे बांधून विकणाऱ्यांसाठी आहे. स्वतःच्या फ्लॅटची फरशी बदलणे त्यात बसत नाही. त्यामागचा विचार मात्र कोणालाही उचलता येतो.

टप्पा कसा ठरवायचा हे बाथरूमकडे पाहिले की नीट कळते, कारण घरात सर्वांत महाग चुका तिथे होतात आणि सर्वांत लवकर झाकल्या जातात. जुन्या टाइल आणि खालचा भराव काढला, की स्लॅब उघडा पडतो. त्यावर पाइप येतात, नहाणी ट्रॅप बसतो, वॉटरप्रूफिंगचे थर आणि विटांच्या तुकड्यांचा कोबा होतो, ट्रॅपकडे उतार काढला जातो आणि शेवटी टाइल लागतात. टाइल लागल्यावर खालचे काहीही दिसत नाही. दिसते ते वर्षभराने, खालच्या मजल्यावरच्या छताला आलेल्या ओलीच्या रूपात. म्हणून ‘बाथरूम पूर्ण झाल्यावर इतके’ अशी नोंद निरुपयोगी आहे. भिंतीतल्या नळाच्या पाइपांना हातपंपाने दाब देऊन काटा खाली येत नाही हे पाहिल्यावर एक हप्ता द्यावा. वॉटरप्रूफिंग झाल्यावर ट्रॅप बंद करून पाणी भरावे, किमान 24 तास आणि जमल्यास 48 तास ठेवावे, खालच्या शेजाऱ्यांना छत पाहायला सांगावे आणि मगच दुसरा हप्ता द्यावा. टाइल लागल्या, सांधे भरले, बादलीभर पाणी ओतल्यावर ते कुठेही न साचता ट्रॅपकडे गेले, की तिसरा. फिटिंगचा हप्ता त्यानंतर. प्रत्येक टप्पा असा हवा, की घरातल्या कोणालाही तो डोळ्यांनी तपासता यावा, आणि पुढचे काम त्याला झाकून टाकण्याआधी तो तपासला जावा. झाकण्यापूर्वी काढलेले मोबाइलमधले फोटो पुढे पाइप कुठून गेला आहे हे कळायलाही उपयोगी पडतात.

यावर पहिला आक्षेप ठेकेदारांचाच असतो आणि तो खरा आहे. लहान ठेकेदाराकडे भांडवल नसते. मजुरांना आठवड्याला पैसे द्यावे लागतात, दुकानदार उधारी देत नाही, आणि शेवटचे बिल बुडवणारे मालकही कमी नाहीत. ‘आधी काम, मग पैसे’ असे म्हटले, तर तो कामाला हात कसा लावणार? म्हणून उचल द्यावीच. पण ती आठ-दहा दिवसांच्या कामापुरती असावी आणि पुढचे हप्ते लहान व वारंवार असावेत. 8 लाखांचे चार तुकडे करण्याऐवजी बारा-तेरा केले, तर कोणत्याही क्षणी दोघांपैकी एकाचे फार पैसे अडकत नाहीत. टाइल, नळ, प्लायवुड, वायर असा मोठा माल मालकाने दुकानदाराला थेट पैसे देऊन स्वतःच्या नावाच्या बिलावर आणला, तर ठेकेदाराची भांडवलाची गरज बरीच उतरते आणि काम थांबलेच, तर निदान माल मालकाचा असतो. पण या व्यवस्थेची दुसरी बाजूही तितक्याच कसोशीने पाळली पाहिजे. टप्पा पार पडला, की त्याच दिवशी पैसे द्यावेत. टाइलचा रंग ठरवायला मालकाने पंधरा दिवस घेतले, तर मुदत पंधरा दिवसांनी पुढे गेली हे त्याने मान्य करावे. मध्येच ‘इथे एक लॉफ्टही काढून टाका’ म्हटले, तर त्याचा दर आणि दिवस तिथल्या तिथे ठरवावेत. निम्मी भांडणे ‘एक्स्ट्रा’ या सदराखाली होतात, आणि त्यांत मालकाची चूक अनेकदा ठेकेदाराइतकीच असते.

दुसरा आक्षेप विश्वासाचा. माणूस ओळखीचा आहे, मेव्हण्याच्या घराचे काम त्यानेच केले आहे, मग कागद कशाला? ओळख मोलाची आहेच. चालू साइटवर जाऊन काम पाहणे आणि दोन-तीन वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकाला ‘गळते का’ असे विचारणे, यापेक्षा चांगली चौकशी नाही. पण ओळखीने त्याचे हप्त्यांचे गणित बदलत नाही, आणि तोंडी ठरलेले दोघांना वेगवेगळे आठवते. दोन पानांचा कागद पुरतो. त्यात कामाची यादी, कोणत्या कंपनीचा आणि किती जाडीचा माल, दर स्क्वेअर फुटावर की लमसम, टप्पे आणि त्यांचे हप्ते, ठेकेदाराचा कायमचा पत्ता आणि पॅन एवढे असावे. पैसे बँकेतून द्यावेत. बिल नको म्हटले की 18 टक्के जीएसटी वाचतो, या आमिषाला बळी पडणारे मालक पुढे आपण किती दिले हेच सिद्ध करू शकत नाहीत. ज्याची उलाढाल 20 लाखांच्या आत आहे, त्याला जीएसटी नोंदणी लागत नाही. पण पावती द्यायला त्याला कोणी अडवलेले नाही. शिवाय एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारायला आयकर कायद्याची मनाई आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. ज्यांच्या दाराशी गिऱ्हाइकांची रांग आहे, ते चांगले ठेकेदार अशा अटी मान्य करणार नाहीत. अटी मान्य करील तो गरजू आणि कच्चा. यात तथ्य आहे. चांगल्या माणसाला थोडा जास्त दर द्यावा लागेल, दोन-तीन महिने थांबावे लागेल, आणि तेही करावे. पण मोठ्या उचलीचा आग्रह आणि कामाचा दर्जा यांचा संबंध नाही. हातात खरोखर काम असलेल्या माणसाला तुमच्या 40 टक्क्यांची गरज सर्वांत कमी असते. ठरलेल्या टप्प्यांऐवजी निम्मी रक्कम आधीच हवी म्हणून जो अडून बसतो, त्याने आपल्या मागच्या साइटची स्थिती न विचारता सांगितलेली असते. आणि उशिराबद्दल दिवसाला हजार रुपये दंड, असे लिहून घेतले की झाले, असे ज्यांना वाटते, त्यांनी भारतीय करार कायद्याचे कलम 74 पाहावे. करारात लिहिलेला दंड ही वरची मर्यादा असते. न्यायालय त्यातून वाजवी तेवढीच भरपाई देते, आणि तीही मागायला न्यायालयात जावे लागते. न दिलेला हप्ता मात्र आपल्याच खात्यात असतो.

ज्यांचे पैसे आधीच गेले आहेत आणि काम थांबले आहे, त्यांना हे सारे उशिरा कळते. त्यांची सर्वांत मोठी चूक पुढची असते: ‘अजून 50 हजार द्या, उद्या माणसे लावतो’ यावर ते पुन्हा पैसे देतात. द्यायचेच, तर त्या आठवड्याचा माल दुकानात थेट भरून द्यावा. त्याच वेळी जिथे काम थांबले आहे तिथली स्थिती फोटोंसह नोंदवावी आणि एखाद्या आर्किटेक्टकडून किंवा इंजिनीअरकडून झालेल्या कामाचे मोजमाप व किंमत लेखी घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवर आणि पोस्टाने अशा दोन्ही मार्गांनी कळवावे, की अमुक तारखेपर्यंत काम सुरू झाले नाही, तर दुसऱ्याकडून पुरे करून घेऊ आणि जादा खर्च तुमच्याकडून वसूल करू. हे कळवणे महत्त्वाचे आहे. वेळ हा कराराचा गाभा असताना मुदत उलटल्यावरही मालक गुपचूप काम स्वीकारत राहिला आणि भरपाई मागणार असे त्याने तेव्हाच कळवले नाही, तर करार कायद्याच्या कलम 55 नुसार त्या उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही. रागाच्या भरात कारागिरांची अवजारे अडवून ठेवू नयेत. ती बहुधा ठेकेदाराची नसतात, आणि त्या कारागिरांचीही मजुरी त्याने थकवलेली असण्याची शक्यता असते.

पोलीस ठाण्यात गेल्यास ‘हा दिवाणी मामला आहे’ असे उत्तर मिळते, आणि बहुतेक प्रकरणांत ते कायद्याला धरूनच असते, कारण करार मोडणे म्हणजे आपोआप फसवणूक नव्हे. पहिल्यापासूनच फसवण्याचा हेतू होता हे दाखवावे लागते. खरा मार्ग ग्राहक आयोगाचा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष सेवेविरुद्ध दाद मागता येते. दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा आयोगाकडे, तेही तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी. निकाल तीन महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा सांगत असला, तरी प्रत्यक्षात प्रकरणे लांबतात. निकाल लागल्यावरही वसुलीसाठी माणूस आणि त्याचा पत्ता लागतो, आणि तेव्हा कागदावरचा पत्ता व पॅन कामी येतात.

एवढे सारे एकेका कुटुंबाने शिकायचे, ही अपेक्षाही मला अन्यायाची वाटते. विजेच्या कामाला परवानाधारक ठेकेदार लागतो. फरशी, गिलावा, सुतारकाम असे घराचे सगळे काम अंगावर घेणाऱ्याला मात्र असा कोणताही परवाना लागत नाही. सरकार तो आणील तेव्हा आणो. गृहनिर्माण सोसायट्यांना यात आजच करण्यासारखे काही आहे. काम सुरू करण्याआधी सोसायटी सभासदाकडून अर्ज घेते, अनामत घेते, कामाच्या वेळा ठरवून देते, मजुरांची ओळखपत्रे मागते. त्याच अर्जासोबत टप्प्यांच्या हप्त्यांचा एक छापील नमुना करार देता येईल, बाथरूममध्ये पाणी भरून केलेल्या चाचणीवर खालच्या सभासदाची सही घेता येईल, आणि काम संपल्यावर ठेकेदाराने ठरलेली तारीख पाळली का, वर्षभरात गळती झाली का, एवढीच तथ्ये एका वहीत नोंदवता येतील. शंभर घरांच्या इमारतीत दर वर्षी चार-पाच घरांची कामे निघत असतील, तर पाच वर्षांत त्या वहीत वीस-पंचवीस नोंदी होतात. त्याच इमारतीत पुढचे काम हवे असलेला ठेकेदार ती वही कोण पाहणार आहे, याचा विचार करूनच माणसे लावील.