हृदयातील जुनी तार काढताना उद्भवणारे उपद्रव

रोग्याच्या छातीत पेसमेकर बसविणे ही क्रिया आता इतकी परिचित झाली आहे की, तिच्याविषयी विशेष काही लिहावे असे कोणास वाटत नाही. गळपट्टीच्या हाडाखाली एक लहानशी चीर घेतात, तेथे कातडीखाली एक कप्पा तयार करतात, अधोजत्रु नीलेतून एक किंवा दोन तारा हृदयात उतरवितात आणि बहुधा एकदोन दिवसांत रोगी घरी जातो. परंतु ह्याच तारा दहा-पंधरा वर्षांनी बाहेर काढण्याची वेळ आली, म्हणजे प्रकरण अगदी निराळे होते. बसविणे आणि काढणे ह्या एकाच क्रियेच्या उलटसुलट बाजू आहेत अशी समजूत विद्यार्थ्यांत आढळते. ती मुळातच चुकीची असून, ती का चुकीची आहे हे सांगणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये एल्मक्विस्ट ह्या अभियंत्याने तयार केलेला पेसमेकर सेनिंग ह्या शल्यवैद्याने आर्ने लार्सन नावाच्या रोग्याच्या शरीरात बसविला. ते पहिले यंत्र काही तासच चालले. लार्सन मात्र २००१ पर्यंत जगला आणि त्या अवधीत त्याला वीसहून अधिक यंत्रे बदलून घ्यावी लागली. यंत्र बदलता येते. त्याची बॅटरी संपली की ते बदलावेच लागते. प्रश्न येतो तो तारेचा, जिला डॉक्टर मंडळी लीड म्हणतात.

ही तार कोणत्या परिस्थितीत काम करते ते प्रथम ध्यानात घ्यावे. ठाकुर्लीच्या वाचकांस ह्यासाठी दूर जावयास नको. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने १९२९ साली येथे चोळ्याचे वीजघर उभारले. ते बंद पडून आता बरीच वर्षे झाली. परंतु त्याच्या बळावर ज्या गाड्या धावल्या त्यांच्या माथ्यावरील तारेत १५०० व्होल्टचा दाब असे. पेसमेकरच्या तारेत तो सामान्यतः दोन-तीन व्होल्टच असतो. तथापि गाडीवरची तार खांबांना टांगलेली असते, आणि तिची दुरुस्ती करावयाची झाल्यास रात्री ‘ब्लॉक’ घेऊन वाहतूक थांबविता येते. हृदयातील तार दर मिनिटास ७२ ह्या हिशेबाने दिवसाला लाखाहून अधिक वेळा, म्हणजे वर्षाला पावणेचार कोटी वेळा वाकते. तेथे ब्लॉक घेण्याची सोय नाही. उलट ‘ब्लॉक’ आहे म्हणूनच ती तार तेथे घातलेली असते. अशा स्थितीत तिच्यावरील सिलिकोनचे किंवा पॉलियुरेथेनचे आवरण झिजते, आतील धातूची सर्पिल तार कधी तुटते. परंतु तार काढणे खऱ्या अर्थाने भाग पडते ते मुख्यतः जंतुदोषामुळे.

ह्या बाबतीत जी चूक वारंवार होते तिचा उल्लेख येथेच केला पाहिजे. कल्पना करा की, ठाकुर्लीच्या रेल्वे वसाहतीतील एका निवृत्त गृहस्थास बारा वर्षांपूर्वी पेसमेकर बसविला आहे. बॅटरी संपल्याने मागील वर्षी यंत्र बदलले. आता कप्प्यावरची कातडी लाल व पातळ झाली असून तिच्या एका बिंदूतून थोडे पाणी झिरपते. ताप नाही, वेदना फारशी नाही. जवळच्या दवाखान्यात जखम धुऊन प्रतिजैविके दिली जातात आणि आठवड्याभरात ती सुकतेही. दोन महिन्यांनी ती पुन्हा फुटते. पुन्हा तोच उपचार होतो. वास्तविक पहिल्या खेपेसच निदान स्पष्ट झालेले असते. प्लॅस्टिक व धातू ह्यांच्या पृष्ठभागावर जंतू स्वतःभोवती एक चिकट आवरण निर्माण करतात. रक्तातून येणारी प्रतिजैविके त्या आवरणाच्या आत पुरेशी पोचत नाहीत. यंत्र काढून तार तशीच ठेवली, तरी तारेच्या मार्गाने जंतूंना हृदयाची वाट मोकळीच राहते. म्हणून यंत्र व तारा ह्या सर्वच काढणे हा आजचा सर्वमान्य नियम आहे. हा नियम ग्रंथांत जितका ठाम आहे तितका व्यवहारात नाही. अमेरिकेतील वृद्धांच्या सरकारी विम्याच्या नोंदींवरून असे दिसून आले की, ज्यांच्या उपकरणास जंतुदोष झाला त्यांपैकी पाचांतील एकापेक्षाही कमी रोग्यांच्या तारा महिन्याभरात काढल्या गेल्या. तारा काढण्याची भीती हे ह्या दिरंगाईचे एक कारण असावे असे मानण्यास जागा आहे. ती भीती निराधार नाही. पण तार न काढण्याचा धोका त्याहून मोठा आहे, हे तिच्यामुळे दृष्टिआड होते.

आता तार निघत का नाही ते पाहू. तार नीलेत शिरल्यानंतर थोड्याच दिवसांत तिच्यावर रक्ताच्या गुठळीचा पातळ थर बसतो. पुढे त्या थराचे तंतुमय ऊतकात रूपांतर होते, आणि जेथे तार नीलेच्या किंवा हृदयाच्या भिंतीला टेकते तेथे ती त्या भिंतीशी जखडली जाते. वर्षे लोटतात तसतसा ह्या वेष्टणात चुना साचत जातो. तरुण रोग्यांत ही क्रिया अधिक वेगाने होते. जखडण्याची मुख्य ठिकाणे तीन: अधोजत्रु नीलेतील प्रवेशस्थान, ऊर्ध्व महानीला आणि निलयातील तारेचे टोक. दोन तारा असल्या तर त्या एकमेकींनाही जखडतात. झटका देऊन हृदयाची लय सुधारणाऱ्या डिफिब्रिलेटर यंत्राच्या तारेवर धातूचे उघडे वेटोळे असते. त्याच्या फटींत ऊतक वाढत असल्याने ती तार विशेष अवघड ठरते. वर्षाच्या आतील तार पुष्कळदा नुसत्या हाताने ओढून येते. ह्या सुलभ यशाने एखाद्या तरुण वैद्यास जो आत्मविश्वास येतो तो दहा वर्षांच्या तारेपुढे अत्यंत घातक ठरू शकतो.

पूर्वी खरोखरच ओढणे हाच उपाय होता. तारेच्या बाहेरच्या टोकास दोरी बांधावयाची, ती पलंगाला लावलेल्या कप्पीवरून नेऊन तिला वजन टांगावयाचे आणि काही तास, प्रसंगी काही दिवस, वाट पाहावयाची. हाड मोडलेल्या पायाला वजन लावतात तसाच हा प्रकार. त्यात तार मध्येच तुटे, निलयाची भिंत आत ओढली जाई, कधी ती फाटे. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस फ्लोरिडातील शल्यवैद्य चार्ल्स बर्ड ह्यांनी जी पद्धत रूढ केली तिच्यातील मूळ विचार साधा आहे. तारेच्या पोकळीतून एक बारीक सळई थेट टोकापर्यंत घालून ती आत घट्ट अडकवावयाची, म्हणजे ओढ सर्व तारेवर सारखी पडते. नंतर तारेवरूनच एक नळी सरकवीत आत न्यावयाची व वाटेतील बंध सोडवावयाचे. शेवटी नळीचे तोंड निलयाच्या भिंतीला टेकवून धरावयाचे आणि मगच तार ओढावयाची. भिंत आत ओढली जाऊ लागली की नळीची कड तिला अडवून धरते. ओढ टोकाभोवतीच्या वर्तुळापुरतीच मर्यादित राहते. प्रतिकर्षण म्हणावे असे हे तत्त्व आजही ह्या सर्व शस्त्रक्रियेचा पाया आहे. पुढे नळीच्या तोंडाशी ३०८ नॅनोमीटर तरंगलांबीचा एक्सायमर लेसर आला, त्यास अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली. फिरत्या पात्याच्या यांत्रिक नळ्याही प्रचारात आल्या.

साधने सुधारली तरी उपद्रव संपले नाहीत, आणि त्यांतील सर्वांत भयंकर उपद्रव म्हणजे ऊर्ध्व महानीला फाटणे. ही नीला पातळ भिंतीची आहे. डावीकडून आलेली तार वळून खाली जाताना तिच्या उजव्या बाजूस घासून चिकटते, आणि नळी सरळ रेषेत पुढे रेटली गेली तर तिची धार नेमकी त्याच भिंतीत घुसते. नीलेचा खालचा भाग हृदयावरणाच्या आत आहे. तेथे फाटल्यास आवरणात रक्त साचून हृदय आवळले जाते. त्याच्यावर फाटल्यास रक्त छातीच्या पोकळीत जाते. दोन्ही प्रसंगी हाताशी असतो तो काही मिनिटांचा अवधी. रक्तदाब अकस्मात उतरला की भुलीचा परिणाम, औषधाचा परिणाम अशी अन्य कारणे शोधीत बसू नये. दुसरे काही सिद्ध होईपर्यंत नीला फाटली आहे असेच समजून चालावे. आता एक लांबट मऊ फुगा मांडीतील नीलेतून आधीच मार्गसूत्र टाकून तयार ठेवता येतो. महानीला फाटताच तो तेथे नेऊन फुगविला की रक्तस्राव काही काळ रोखून धरतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अशा रोग्यांपैकी फुगा योग्य रीतीने वापरलेल्यांत ८८ टक्के जगले, इतरांत ५७ टक्के. फुगा भोक बुजवीत नाही, हे मात्र विसरू नये. छाती उघडणारा शल्यवैद्य येईपर्यंतचा वेळ तो मिळवून देतो, एवढेच.

निलयाचे टोक निघताना भिंतीचा तुकडा येणे, त्रिदल झडपेचे दल फाटून तिच्यातून रक्त उलट वाहू लागणे, तारेवर वाढलेला जंतुयुक्त गोळा सुटून फुप्फुसात जाणे, तारेचा तुकडा आत राहणे हे अन्य उपद्रव होत. ज्याचे हृदय सर्वस्वी यंत्रावरच चालते त्यास तात्पुरत्या तारेची व्यवस्था आधी करून ठेवणे अगत्याचे असते, हे सांगण्याची खरे तर गरज पडू नये.

ह्या सर्व धोक्याचे प्रमाण किती? २०१० साली प्रसिद्ध झालेल्या लेसरविषयीच्या लेक्सिकॉन पाहणीत १४४९ रोगी व २४०५ तारा होत्या, ९६.५ टक्के तारा संपूर्ण निघाल्या, गंभीर उपद्रव १.४ टक्के रोग्यांस झाले. युरोपातील १९ देशांतील ७३ केंद्रांच्या इलेक्ट्रा पाहणीत (२०१७) गंभीर उपद्रवांचे प्रमाण १.७ टक्के व त्यामुळे झालेल्या मृत्यूंचे ०.५ टक्के आढळले. आकडे आश्वासक आहेत. पण ते सराव असलेल्या केंद्रांचे आहेत. जेथे अशा शस्त्रक्रिया कमी होतात तेथे परिणाम वाईट असतात, हेही ह्या पाहण्यांतून दिसते. ठाकुर्ली मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. छोट्या इस्पितळात तार ओढावयाची आणि बिघडले तर रोग्यास मुंबईस न्यावयाचे, हा बेत वरील मिनिटांच्या हिशेबात कोठेच बसत नाही. रोगी आधीच न्यावा. हृदयशल्यवैद्य त्याच इमारतीत आणि पाच-दहा मिनिटांत छाती उघडण्याच्या तयारीत हवा; रक्त व हृदय-फुप्फुस यंत्रही सज्ज हवे.

मुंबईशी निगडित असलेली आणखी एक हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. दहनापूर्वी मृताच्या छातीतील यंत्र काढावे लागते, कारण भट्टीच्या उष्णतेने त्याचा स्फोट होतो. अमेरिकेतील अंत्यविधिगृहांनी दिलेली अशी १२१ यंत्रे तपासली असता ५३ यंत्रांच्या बॅटरीत पुरेसे आयुष्य उरलेले आढळले. ती निर्जंतुक करून वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात गरीब रोग्यांस बसविण्यात आली; ह्याचा वृत्तांत २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी पुनर्वापर केलेल्या डिफिब्रिलेटरांविषयी पावरी, लोखंडवाला, मॅस्करेन्हस प्रभृतींनी ८१ रोग्यांचा वृत्तांत दिला. त्यात जंतुदोष आढळला नाही. पुढे २०२० साली कॅनडातून पाठविलेल्या व अन्य देशांत बसविलेल्या १०५१ उपकरणांच्या तुलनात्मक पाहणीतही नव्या यंत्रांहून जंतुदोष लक्षणीय प्रमाणात अधिक दिसला नाही. यंत्र असे दुसऱ्यांदा वापरता येते. हृदयात रुजलेली तार मात्र मृताबरोबरच जाते. तथापि वापरलेल्या यंत्राचे उरलेले आयुष्य कमी असते, म्हणजे कप्पा लवकर पुन्हा उघडावा लागतो, आणि जंतुदोषाचा धोका पहिल्या वेळेपेक्षा पुढच्या प्रत्येक उघडण्यास अधिक असतो. ह्यावरून पुनर्वापर अयोग्य ठरत नाही. ज्यास नवे यंत्र परवडत नाही त्याच्या पुढील पर्याय मृत्यूचा असतो. पण हिशेब पुरा मांडावा.

जंतुदोष नसलेली निरुपयोगी तार काढावी की सोडावी, ह्याविषयी मतभेद आहेत. टेलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या ॲक्युफिक्स तारेतील आकडा मोडून हृदयास टोचतो असे १९९४-९५ च्या सुमारास उघडकीस आले, तेव्हा घाबरून अनेक तारा काढण्यात आल्या. आणि मोडक्या तारेपेक्षा ती काढण्याच्या क्रियेनेच अधिक बळी घेतले. उलट, विशीतील रोग्यात सोडून दिलेली तार चाळीस वर्षांनी काढणे जवळजवळ अशक्य होते. रोग्याचे वय हाच येथे मुख्य निकष असावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

अलीकडे तारविरहित पेसमेकर आले आहेत, आणि २०१७ पासून डाव्या वहनशाखेस उत्तेजन देण्यासाठी तार दोन निलयांमधील पडद्यात खोल रोवण्याची पद्धत वेगाने पसरते आहे. तिच्यासाठी बहुधा वापरली जाणारी बारीक तार पोकळ नाही. तिच्यात अडकसळई घालता येत नाही. आत घट्ट दोरासारखी धातूची तार असल्याने ती ओढ चांगली सोसते, पण ओढ द्यावयाची ती बाहेरूनच. ह्या तारा थोड्या वर्षांच्या असताना बहुधा सहज निघतात असे आतापर्यंतचे अहवाल सांगतात. पंधरा वर्षे पडद्यात रुतून राहिलेली अशी तार काढण्याचा प्रसंग अद्याप आलेला नाही; आज त्या बसविणाऱ्यांच्या विद्यार्थ्यांवर तो येईल.